ठोकळा कोण धरतं

१

बाबा गेले तेव्हा कारखाना विकायचा की ठेवायचा यावरून दोघी बहिणी एक दिवस भांडल्या. दुसऱ्या दिवशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघी आपापल्या वेळेला आल्या, शटर वर केलं आणि कामाला लागल्या. त्याला अठरा वर्षं होऊन गेली, विषय पुन्हा निघाला नाही. थोरली पत्र्याला आकार द्यायची. धाकटी जोडकाम करायची, इंजिनं उघडायची आणि गिऱ्हाइकांशी तोंड वाजवायची. थोरलीला बोलायचा कंटाळा होता आणि धाकटीला गप्प बसण्याचा, त्यामुळे दोघींचं छान जमायचं.

ती शर्यतीची जुनी गाडी दातांच्या डॉक्टरांनी आणली. गाडी म्हणायची आपली, आली तेव्हा चार चाकं आणि नळ्यांचा सांगाडा एवढंच होतं. एकाच माणसानं बसायची, नाक लांब, मागं निमुळती होत गेलेली शेपटी. अंगावरचा पत्रा कधीच कोणीतरी उतरवून नेला होता. डॉक्टरांजवळ बाजूनं काढलेला एक फोटो होता, त्यावरून सगळा पत्रा नव्यानं घडवायचा होता.

"आणि चालवणार कोण?" धाकटीनं विचारलं.

"मी चालवली असती हो, पण माझी कंबर बसताना एक बोलते आणि उठताना दुसरंच," डॉक्टर म्हणाले. "तीन आठवड्यांनी डोंगररस्त्यावर जुन्या गाड्यांची शर्यत आहे. कोणी चांगला हात मिळाला तर बघू."

धाकटीनं हात पुसला आणि तो तसाच पुढे केला. "हा घ्या हात."

चाळीस वर्षांची बाई, पण थोरलीला तिचा चेहरा त्या क्षणी नऊ वर्षांचा दिसला. आयुष्यभर तिनं लोकांच्या गाड्या पळत्या केल्या, स्वतः एक पळवली नव्हती. थोरलीनं तेव्हाच मनाशी ठरवलं, की शेपटी अशी घडवायची की डोंगरावरची माणसं गाडी गेल्यावरही बघत राहतील.

२

आता हे काम कसं चालतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

अल्युमिनियमचा पत्रा आधी वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीनं ठोकून खोलगट करायचा, मग दोन चाकांमधून फिरवून गुळगुळीत करायचा. असे तुकडे जोडले की सांध्यावर उंचवटे राहतात. ते काढायला दोन माणसं लागतात. एक आत शिरतं आणि लोखंडी ठोकळा पत्र्याला टेकवून धरतं. दुसरं बाहेरून हातोडा मारतं. ठोकळा नेमका हातोड्याखाली असेल तर 'टक्' असा कोरडा, आखूड आवाज येतो. बोटभर जरी चुकला तरी 'ढण्ण' वाजतं आणि पत्र्याला खड्डा पडतो. आतल्याला बाहेरचं दिसत नाही आणि बाहेरच्याला आतलं, म्हणून बाहेरचा फक्त सांगतो, "डावीकडे, जरा वर," आणि आतला ठोकळ्यानं एकदा वाजवून सांगतो की मी तयार.

त्या मंगळवारी दुपारी थोरली शेपटीच्या टोकाशी काम करत होती. शेपटी दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली, टोक खिडकीच्या उजेडाकडे, उघडं तोंड आतल्या खोलीच्या दाराकडे. टोकाशी तर माणसाचा हातही पोचत नाही. तिथं ठोकळा लांब दांडीला बांधून सारायचा आणि धाकटीनं कमरेपर्यंत आत शिरून पडायचं, असं सकाळपासून चाललं होतं. चहा झाला, धाकटी कपबश्या घेऊन आत गेली, थोरलीनं हातोडा उचलला.

"खाली," ती म्हणाली.

टक्.

"अजून खाली. हां. आता उजवीकडे सरक."

आतून एकदा वाजलं. टक्, टक्, टक्. थोरलीचा हात बसला. पाऊण तास तिनं मान वर केली नाही. तळहात फिरवायचा, उंचवटा लागला की सांगायचं, मारायचं. धाकटी आज चक्क एक शब्द बोलत नव्हती. थोरलीला वाटलं, बरंय, शर्यतीची हवा डोक्यात गेली तरी कामात आलीय.

"शाणी गं माझी बाय," ती म्हणाली.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं शटर खडखडलं आणि धाकटी आत आली. एका हातात स्क्रूची पुडी, दुसऱ्या हातानं कपाळाचा घाम पुसत.

"तो दुकानदार म्हणजे नं, ताई! आठ दुकानं फिरले. त्याच्याकडे होते आणि नाही म्हणून सांगत होता. तुला हाक मारून गेले, ऐकलंस ना?"

थोरलीचा हातोडा वरच राहिला. तिनं भिंतीकडे बघितलं. लांब दांडीचा ठोकळा आपल्या खिळ्यावर लटकत होता.

३

थोरली घाबरली नाही. खरं सांगायचं तर तिला आधी राग आला, स्वतःचा. चूक आपलीच असणार, कानांची, वयाची. पत्रा जोडून ताठ झाला असेल, टोकाशी मुळात अरुंद, म्हणून न धरताही कोरडा आवाज देत असेल. धाकटी इंजिनात डोकं घालून बसली तेव्हा तिनं मुद्दाम, काही न बोलता, त्याच जागेवर एक हलका घाव घातला.

ढण्ण.

तिनं खड्ड्यावरून बोट फिरवलं. मग आजूबाजूला बघून, कोणी ऐकलं तर काय म्हणेल अशा बारीक आवाजात म्हणाली, "इथं धर."

आतून एकदा वाजलं.

तिनं मारलं. टक्. खड्डा भरून आला.

मग मात्र तिनं बॅटरी आणि धाकटीचा छोटा दांडीचा आरसा घेतला आणि शेपटीच्या तोंडातून आत बघितलं. आत काहीच नव्हतं. पत्र्याची आतली बाजू मळकट, आणि जिथंजिथं तिनं बाहेरून मारलं होतं तिथंतिथं आतून नाण्याएवढे चकचकीत ठिपके, एकाला एक लागून. ठोकळा टेकल्याशिवाय असे ठिपके उठत नाहीत. ते थेट टोकापर्यंत गेलेले होते, जिथं शेपटी आतून चिमटीएवढी होते.

दुसरी कोणी असती तर शटर ओढून घरी गेली असती. थोरलीच्या डोक्यात मात्र किडा वळवळला. पत्र्याच्या कामात पस्तीस वर्षं गेली, तिच्या बाबांनी धरलं, धाकटीनं धरलं, येणाऱ्याजाणाऱ्यांनी धरलं. इतकं नेमकं कोणी धरलं नव्हतं. बाबांचा हातसुद्धा दहात एकदा चुकायचा, आणि चुकला की स्वतःच शिवी हासडायचे. हा चुकतच नव्हता. त्यामुळे हे बाबा नव्हेत, एवढं तिनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं आणि तिला जरा वाईटही वाटलं.

धाकटीला तिनं काही सांगितलं नाही. काय सांगणार? आणि सांगितलं तर काम थांबणार. काम थांबलं तर शेपटी होणार नाही, आणि शेपटी झाली नाही तर शर्यतीवाले तपासणीतच गाडी बाजूला काढणार. असं तिनं स्वतःला समजावलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीला "तू आपलं इंजिन बघ, टोकाचं माझं मी बघते" असं सांगताना तिला जे वाटलं ती काळजी नव्हती, ते कुतूहल होतं.

४

चार दिवस तिनं त्याच्याकडून काम करून घेतलं. धाकटी बाहेर गेली, की थोरली हातोडा उचलायची आणि त्याची परीक्षा घ्यायची. बोलून बघितलं, न बोलता बघितलं. खडूनं बाहेरून फुली मारली आणि गप्प उभी राहिली, तर फुलीच्या खाली आतून वाजलं. डोळे मिटून हातोडा हवेत फिरवला, थांबवला, तर तिथंच. पाचव्या दिवशी ती कुठं मारायचं ते अजून ठरवत होती तर तिच्याआधी आतून वाजलं. तिनं तळहात फिरवून बघितला. उंचवटा होता. तिला सापडायच्या आधी त्याला सापडला होता.

शनिवारी डॉक्टर आले. शेपटीवरून हात फिरवत चारदा पुढे गेले, चारदा मागे आले.

"ताई, ही कवळी अशी बसलीय की खरे दात लाजतील."

"तुमचे पेशंट पळून कसे जात नाहीत हो?" धाकटी म्हणाली.

"तोंड उघडं असतं, बोलता येत नाही, पळणार कुठं?" डॉक्टर हसले. मग मान तिरपी करून म्हणाले, "आत कोणी काम करतंय का?"

"पत्रा निवतोय," थोरली म्हणाली. "ऊन गेलं की वाजतो."

बाहेर ऊन कडकडीत होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

थोरलीच्या मात्र दुसरंच लक्षात आलं होतं. मंगळवारी आवाज टोकातून यायचा. गुरुवारी मधून. आता तो पुढे, शेपटीच्या रुंद भागातून यायचा, जिथं चालवणाऱ्याच्या डोक्यामागं उंचवटा घडवलेला होता. तिचं कामही त्याच क्रमानं पुढे सरकत होतं, टोकाकडून सीटकडे, त्यामुळे तसं होणारच, असं ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली. आणि उलटा प्रश्नही तिनंच केला: काम मी पुढे आणलं की मला पुढे आणलं गेलं?

५

सीट आणि शेपटी यांच्या मध्ये एक आडवा पत्रा असतो. चालवणाऱ्याची पाठ त्याला टेकते आणि पलीकडे शेपटीची पोकळी. तो थोरलीनं रविवारी दुपारी कापला, सपाट, पाटासारखा सरळ, आणि शेपटी गाडीवर चढवून चार स्क्रूंनी तात्पुरता बसवला.

सोमवारी सकाळी धाकटी मापासाठी आत बसली आणि "आई गं" म्हणाली.

"काय लागलं?"

"लागलं काय! ताई, हे काय बनवलंयस? साच्यातून काढल्यासारखी पाठ बसतेय. गादीसुद्धा नको. कधी केलंस?"

"ऊठ जरा," थोरली म्हणाली.

"अगं बसू दे की. पहिल्यांदा आयुष्यात कोणी माझ्या मापाचं काहीतरी..."

"ऊठ म्हणते ना!"

धाकटी उठली. थोरलीनं वाकून बघितलं. रविवारचा सपाट पत्रा आता सपाट नव्हता. कमरेच्या खळग्यात बसेल असा तो पुढे आला होता. दोन्ही खांद्यांच्या पात्यांभोवती उचललेला होता, आणि डावीकडचं पातं उजवीकडच्यापेक्षा दोन बोटं खाली. धाकटी अकरा वर्षांची असताना शिडीवरून पडली होती, तेव्हापासून तिचा डावा खांदा तेवढाच खाली आहे. पोलक्याचं माप देताना शिंप्यालासुद्धा सांगावं लागतं. पत्र्यावर हातोड्याची एकही खूण नव्हती. पलीकडून, सावकाश, तळव्यांनी दाबत आणल्यासारखा तो होता. आणि गाडीत बसून माप घ्यायची वेळ तर आज पहिल्यांदा आली होती.

इतके दिवस त्यानं तिच्या हातोड्याकडे लक्ष दिलं होतं. ते तेवढ्यासाठीच दिलं होतं का, असा प्रश्न थोरलीला पहिल्यांदा पडला.

तिनं धाकटीला हाताला धरून बाहेर काढलं, बाजूला उभं केलं आणि सगळं सांगितलं. मंगळवारपासून.

धाकटीनं ऐकून घेतलं. मग हसली. "तुला झोपेची गरज आहे."

"बघ," थोरली म्हणाली. तिनं हातोडा उचलला. "तू इथं माझ्याजवळ उभी आहेस. आत कोणी नाही. ठोकळा खिळ्यावर आहे. बघितलंस?" मग शेपटीकडे तोंड करून म्हणाली, "इथं."

आतून एकदा वाजलं. तिनं मारलं. टक्.

धाकटीचं हसू तोंडावर तसंच राहिलं, जसं चूल विझल्यावर भांड्याला ऊब राहते.

"किती दिवस?" ती म्हणाली.

"सात."

"सात दिवस ठाऊक असून मला त्याच्यासमोर बसायला देणार होतीस, आणि सांगणार नव्हतीस?"

"काम चांगलं होत होतं गं," थोरली म्हणाली. खोटं बोलायचा तिला कंटाळा होता.

"तू ना, ताई," धाकटी म्हणाली, "उद्या यमानं छिन्नी चांगली धरली तर त्यालाही चहा पाजशील." आणि तिचे डोळे भरून आले. "मी गाडी सोडणार नाही. सांगून ठेवते. तू काय करायचं ते कर, मी रविवारी वर जाणार."

"जा. पण ह्या शेपटीनं नाही."

६

पाच दिवसांत नवी शेपटी. दुसऱ्या कोणाला महिनाभर नाकी नऊ आणेल असं काम. थोरलीनं ती सगळी उघड्यावर केली, दोन फाका करून, वाळूच्या पिशवीवर आणि चाकावर, ठोकळा धरायची वेळच येऊ दिली नाही. सांधे उंचच राहिले. तिला ते पाहवत नव्हते. जुनी शेपटी, सोबत तो आडवा पत्राही, तिनं आतल्या खोलीत घोड्यांवर ठेवून दार लावून घेतलं होतं. पहिला दिवस तिथून आवाज येत राहिला, एकेकदा, मध्ये मोठा वेळ जाऊन, काम मागणाऱ्या माणसासारखा. दुसऱ्या दिवशी थांबला. तिसऱ्याही दिवशी नाही.

"गेलं वाटतं," धाकटी म्हणाली. इंजिन सुरू करून बघत होती, तिच्या गालाला ग्रीस लागलं होतं.

"गेलं असेल."

शुक्रवारी नवी शेपटी गाडीवर चढली. तपासणीवाला माणूस आला, पट्टी लावली, वाकला, शिक्का मारला. सांध्यांकडे बघून म्हणाला, "घाईत झालंय."

"हो," थोरली म्हणाली. तिला मरणाची लाज वाटली.

तो गेला आणि ती उगाच, हाताची सवय म्हणून, नव्या शेपटीच्या सांध्यावर तळहात फिरवू लागली. सगळ्यात वाईट उंचवटा तिच्या बोटांखाली आला, आणि बरोबर तिथं, आतून, एकदा वाजलं.

तिनं हात काढून घेतला. धाकटी बाहेर फाटकाशी तपासणीवाल्याला पोचवत होती, तिला ऐकू गेलं नव्हतं. थोरली तडक आतल्या खोलीत गेली, दार उघडलं, जुन्या शेपटीसमोर उभी राहिली. मग हातोडा उचलला.

"इकडे," ती म्हणाली. "काम इकडे आहे."

बराच वेळ काही नाही. बाहेर धाकटी काहीतरी बोलून हसली. थोरलीनं शेपटीवर, जिथं काही करायचं राहिलं नव्हतं अशा गुळगुळीत जागेवर खडूनं फुली मारली.

"इथं धर. लवकर."

एकदा वाजलं.

तिनं मारलं. टक्. पुन्हा. टक्. तास दीड तास ती मारत राहिली. मग जाऊन नव्या शेपटीवर बोटानं टिचकी मारली. ढण्ण वाजली, पोकळ, रिकामी. थोरलीला इतकं बरं वाटलं, की ती तिथंच जमिनीवर बसली.

७

रविवारी सकाळी डॉक्टर गाडी न्यायला आले तेव्हा थोरली कामाच्या कपड्यात होती.

"अहो ताई, तुम्ही येणार नाही? हिची पहिली शर्यत!"

"माझं काम आहे."

"आज? कसलं?"

धाकटी हेल्मेट काखेत धरून उभी होती. तिनं बहिणीकडे बघितलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे. तिला शुक्रवारचं काही सांगितलेलं नव्हतं, पण पाठीला पाठ लावून अठरा वर्षं काम केलेल्या बायका त्या.

"राहू दे तिला, डॉक्टर," ती म्हणाली. मग थोरलीच्या जवळ येऊन, गळ्यात हात घालून, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "दहाला आमचा गट सुटतो. तोपर्यंत त्याला कामाला जुंप."

"खाली येईपर्यंत जुंपते."

"आणि ताई, मारताना हळू मार. तुझा खांदा दुखतो."

पावणेदहाला थोरलीनं सुरुवात केली. ती काही बघत नव्हती, पण डोंगररस्ता तिच्या कानात होता. धाकटीनं आठवडाभर जेवताना तिला एकेक वळण पाठ म्हणून दाखवलं होतं. पहिलं डावं, मग लांब उजवं, मग विहिरीजवळचं आखूड. "इथं," थोरली म्हणायची आणि मारायची. टक्. "इथं." टक्. एकदा आतून यायला वेळ लागला, दोन श्वास, तीन, आणि तिच्या तोंडाचं पाणी पळालं. "इथं!" ती ओरडली. "कुठं निघालास? इथं!" तेव्हा आलं.

अकराला दहा मिनिटं असताना फोन वाजला.

"शेवटून तिसरी!" धाकटी किंचाळत होती. "अगं शेवटून तिसरी आले! आणि एक तर माझ्याहून म्हातारी होती, तिला मी शेवटच्या वळणावर... ताई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," थोरली म्हणाली. तिच्या दुसऱ्या हातात हातोडा चालूच होता.

"डॉक्टर म्हणतायत पुढच्या महिन्यात परत. ताई, मी काय सांगू तुला, मी जन्मभर हेच..."

थोरलीनं तिला रडू दिलं. टक्, टक्, तिनं मारत ठेवलं.

८

धाकटी आता दर महिन्याला जाते. सहा शर्यती झाल्या. चौथीत तिला कप मिळाला, तो इंजिनाच्या कपाटावर आहे. डॉक्टर नव्या शेपटीचे सांधे नीट करून द्या म्हणून मागं लागलेत, थोरली आज करू, उद्या करू म्हणते. जुन्या शेपटीत काय आहे हे दोघी बोलत नाहीत. रोज सकाळी शटर उघडलं की थोरली आधी आत जाते, तासभर काम देते, मग गिऱ्हाइकांची कामं. एक दिवस तापानं आली नाही, तर त्या दिवशी धाकटीच्या गाडीत वाजलं होतं. धाकटीनंच येऊन सांगितलं, दारात उभं राहून, "ताई, उठतेस का जरा?" एवढंच.

अल्युमिनियमचं एक आहे. ठोकलं की ते कडक होतं, कडक झालं की तडकतं. म्हणून त्याला साबण चोपडून वरून ज्योत फिरवायची, साबण करपला की पत्रा पुन्हा मऊ होतो आणि पुन्हा ठोकता येतो. थोरली दर पंधरवड्याला तेवढं करते. पण ठोकलेला पत्रा पसरतो. शेपटी वीतभर लांब झाली आहे, रुंदही. आत आधी मावत नव्हतं तेवढं आता मावेल. आणि जे लांबीत गेलं ते जाडीतून आलेलं असतं.

सातव्या शर्यतीच्या सकाळी धाकटी निघून गेल्यावर थोरलीनं जाडी मोजायचं माप काढलं. दीड मिलिमीटरचा पत्रा होता. तोंडाशी आता निम्माच भरला. मध्ये त्याहून थोडा कमी. ठीक होतं, वर्षभर चालेल. ती घाव सगळीकडे सारखे वाटून देत होती, त्याची तिला खात्री होती.

मग डोक्यामागच्या उंचवट्याजवळ तळहाताएवढ्या एका जागी तिचं बोट लागलं आणि पत्रा कापडासारखा आत गेला. तिनं माप लावलं. पुन्हा लावलं. वहीच्या पुठ्ठ्याहूनही पातळ.

कोणी मारलं इथं इतकं? तिच्याशिवाय हातोडा कोण उचलतं? आत काय आहे, हा प्रश्न रोज सकाळी हातोडा उचलताना डोक्यात असायचं, हे तिला नाकबूल करता आलं नसतं. पण हात मनाला न विचारता रोज त्याच जागी येत होता हे तिला आज कळत होतं.

तिनं तळहात त्या जागेवर ठेवला. पत्रा कोमट होता. तिनं ठेवून दिला, काढला नाही, आणि हळूच, उंचवटा शोधताना दाबतात तसा दाबला.

आतून पत्रा वर आला. आधी एक बारीक टोक, तिच्या करंगळीच्या खाली. मग त्याच्या शेजारी दुसरं. तिसरं, चौथं. अंगठ्याला वेळ लागला. मग पाचही जागच्या जागी थांबली, तिच्या पाचांना खालून टेकून. आणि ती माणसाच्या बोटांहून लांब होती, तिच्या नखांच्या बरीच पुढं गेलेली.

थोरलीनं हात उचलला. पत्र्यावर पाच उंचवटे तसेच राहिले.

भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच मिनिटं होती. धाकटी आता पट्टे आवळत असेल, हेल्मेटची कडी लावत असेल. थोरलीनं हातोडा उचलला आणि तोंडाजवळची जाड जागा शोधली, त्या पातळ जागेपासून हातभर लांब. पाच उंचवटे हलले. पत्र्याखालून, कापडाखालून हात सरकावा तसे, ते हातोड्याच्या सावलीकडे निघाले, आणि तिनं तो मागं नेला तर मागं आले.

दहाला दोन मिनिटं होती. थोरलीनं पहिला घाव घातला.